सगळा मजला पहारेकरी

पडद्यावर एक मोठं निळं वर्तुळ होतं. नुसतं निळं. बंगळुरूहून व्हिडिओ कॉलवर आलेल्या आमच्या मोठ्या साहेबांनी, व्यंकट सरांनी, थोडा वेळ वाट पाहिली आणि विचारलं, "चार्ट अजून लोड होतोय का?"

"नाही सर, झालाय," मी म्हणाले. "एवढाच आहे."

शेजारच्या खुर्चीत आमचे ऑपरेशन्स हेड वालिया सर पाण्याच्या बाटलीचं झाकण फिरवत होते. पलीकडे एचआरच्या ऋतू मॅडम लॅपटॉपमध्ये फार महत्त्वाचं काहीतरी शोधत होत्या. लॅपटॉप अजून सुरूही झालेला नव्हता.

निळा रंग म्हणजे पहारेकरी. आमच्या मजल्यावरचा प्रत्येक माणूस पहारेकरी निघाला होता. वालिया सरांसकट.

हे कसं झालं ते समजायला आधी माझं काम समजलं पाहिजे. मी मोहालीतल्या एका कंपनीत क्विझ बनवते. कंपनी परदेशातल्या ग्राहकांचे फोन आणि तक्रारी सांभाळते. माझी लर्निंग टीम त्या फोन सांभाळणाऱ्यांना शिकवते. आग लागली तर काय करायचं, पासवर्ड कुणाला द्यायचा नाही, ग्राहक ओरडला तर किती वेळ गप्प बसायचं. प्रत्येक धड्याच्या शेवटी क्विझ. एक बरोबर पर्याय आणि तीन चुकीचे, पण बरोबर वाटतील असे. त्या चुकीच्या पर्यायांना आमच्यात डिस्ट्रॅक्टर म्हणतात. चांगला डिस्ट्रॅक्टर लिहिणं ही खरी कला. मी ती इचलकरंजीत, घरीच शिकले. माझे बाबा यंत्रमाग कामगारांच्या युनियनची पत्रकं लिहायचे आणि मी जमिनीवर बसून त्यांच्या घड्या घालायचे. मालकांची उत्तरं त्या पत्रकांत छापलेली असायची. दिसायला अगदी बरोबर.

बाबांचा एक नियम होता. पत्रकात तीनच गोष्टी लिहायच्या: काय झालं, कुणी केलं, आता काय करायचं. बाकी सगळं भाषणासाठी ठेवायचं.

आता मालिकेबद्दल. गेल्या हिवाळ्यात आमच्या कँटीनमध्ये सगळे जण एकच मालिका बघत होते. एक अंतराळयान रस्ता चुकलंय आणि त्यातली माणसं घरी परतायचा प्रयत्न करताहेत. कॅप्टन आहे, डॉक्टर आहे, इंजिनवाली आहे आणि एक पहारेकरी आहे. तो यंत्रमानव आहे. झोपत नाही, तक्रार करत नाही, बोगद्यासारख्या लांब पॅसेजमध्ये एकटा उभा असतो. एका भागात तो कॅप्टनला शांतपणे विचारतो की मला इथे उभं कुणी केलं, आणि मला का नाही विचारलं. त्या दिवशी कँटीनमध्ये राजमा-चावल तसाच सोडून लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग त्याच लोकांनी वर जाऊन पुढच्या महिन्याचं शिफ्ट रोस्टर एकही प्रश्न न विचारता 'ॲक्सेप्ट' केलं. मी पण केलं. टीव्हीवरचं बंड पचायला हलकं असतं, जेवणाबरोबर जातं.

त्या सुमारास मी गंमत म्हणून एक क्विझ बनवली. 'यानावर तुम्ही कोण?' तुम्ही मागच्या जन्मी कोण होतात, तुम्ही कोणती भाजी आहात, असल्या क्विझ सगळेच सोडवतात. माझी मावशी दोडका निघाली होती, तेव्हापासून ती दोडक्याबद्दल वाईट बोललेलं ऐकून घेत नाही. तसलीच ही क्विझ. पहिला प्रश्न असा होता: यानात अलार्म वाजतो, तुम्ही काय करता? कारण शोधता, बाकीच्यांना उठवता, दुसरं कुणी बघेल म्हणून कूस बदलता, की आधीपासून जागेच असता? जागे असाल तर पहारेकऱ्याच्या खात्यात गुण. प्रत्येक पर्यायाला असे गुण दिलेले असतात, त्याला वेटेज म्हणतात. शेवटी ज्याच्या खात्यात जास्त गुण, ते तुम्ही. यात विज्ञान अजिबात नाही. वेटेज मी चहा पिता पिता ठरवलं होतं.

टीमने ती क्विझ सोडवली, हसले, विसरले. मग एक दिवस ऋतू मॅडमनी मला केबिनमध्ये बोलावलं. वालिया सर तिथेच बसले होते.

मॅडम म्हणाल्या की क्विझ फार क्यूट आहे आणि ती सगळ्या मजल्याला द्यायची आहे. फक्त एक छोटा बदल हवा. पहारेकऱ्याचं वेटेज जरा वाढवायचं. म्हणजे पुरेसे पहारेकरी निघतील.

"कशाला पुरेसे?" मी विचारलं.

मॅडमनी सरांकडे पाहिलं. सरांनी आढेवेढे घेत सांगितलं. नवा क्लायंट आला होता. त्याचं काम कायम रात्रपाळीत चालणार, आणि तेही मुल्लानपूरच्या नव्या ऑफिसातून. मुल्लानपूर म्हणजे न्यू चंदीगड. एका बाजूला काचेची इमारत, दुसऱ्या बाजूला गहू, मध्ये रेतीचे ढीग. तिथे कुणाला पाठवायचं हा प्रश्न होता. मॅनेजरने नावं निवडली तर लोक नाराज होतात. क्विझने निवडली तर तो डेटा होतो.

"यू नो, सायंटिफिक," सर म्हणाले.

मी म्हणाले की मग क्विझच्या पहिल्या पानावर तसं लिहूया. या उत्तरांवरून मुल्लानपूरची रात्रपाळी ठरणार आहे, एवढं एकच वाक्य. सर हसले. असं लिहिलं तर लोक खरी उत्तरं देणार नाहीत, असं त्यांचं म्हणणं पडलं. मी म्हटलं, सर, खरं सांगितलं की लोक खोटं बोलतात आणि खोटं सांगितलं की खरं बोलतात, असा तुमचा अनुभव आहे का?

"बेटा," वालिया सर म्हणाले, "पोस्टर मत लगाओ. बस क्विझ बनाओ."

मी वेटेज बदलायला नकार दिला. सर म्हणाले ठीक आहे, आहे तशीच जाऊ दे. मी आणखी एक गोष्ट स्पष्ट केली. मी कुणाला सांगत फिरणार नाही, पण कुणी समोर येऊन विचारलं तर खोटंही बोलणार नाही. सरांनी हात उडवला. क्विझबद्दल कोण काय विचारणार?

जाता जाता मी त्यांना फुकटचा सल्लाही दिला. ही क्विझ 'मँडेटरी' यादीत टाकू नका. मँडेटरी म्हणजे सक्तीची. तशी टाकली तर लोक ती वाचणार नाहीत. मॅडम म्हणाल्या की सक्तीची केली नाही तर कुणी सोडवणारच नाही. दोघींचंही म्हणणं खरं होतं, आणि तिथेच घोळ होता.

कारण आमच्या मजल्यावर एक रिवाज आहे. मँडेटरी क्विझमध्ये ऐंशी टक्क्यांच्या खाली गुण पडले तर शनिवारी येऊन सगळा धडा पुन्हा करावा लागतो. शनिवार वाचवण्यासाठी लोकांनी एक सोय शोधून काढली आहे. पहिला जो क्विझ सोडवतो तो उत्तरं व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकतो. त्याला चावी म्हणतात. चावी आली की सगळा मजला पाच मिनिटांत अग्निसुरक्षेत तज्ज्ञ होतो. प्रश्न कुणी वाचत नाही. मी रात्रंदिवस डोकं खाजवून लिहिलेले डिस्ट्रॅक्टर आजवर एकाही माणसाला डिस्ट्रॅक्ट करू शकलेले नाहीत. चावी टाकणारी माझीच मैत्रीण आहे, त्यामुळे मी तक्रार तरी कुणाकडे करणार?

तिचं नाव जसविंदर. सगळे तिला जस्सी दीदी म्हणतात. ती क्वालिटीमध्ये आहे, म्हणजे दुसऱ्यांचे फोन ऐकून चुका काढते. कुठलीही नवी क्विझ आधी एका माणसाकडून सोडवून बघतात, लिंक तुटली नाही ना, बटणं चालतात ना. त्याला पायलट म्हणतात. पायलट कायम जस्सी दीदी करते, कारण ती एकटीच प्रश्न वाचते. म्हणून चावीही तिच्याचकडून येते.

दीदी पिंजौरहून बसने येते. घरी आई आहे, तिला आता जवळजवळ दिसत नाही. दिवसा शेजारीण लक्ष ठेवते, अंधार पडायच्या आत दीदी घरी पोचते. कंपनीची रात्रीची कॅब चंदीगड, मोहाली आणि पंचकुला एवढ्याच हद्दीत फिरते. पिंजौर हद्दीबाहेर. दीदीला मुल्लानपूरची रात्रपाळी लागली असती तर तिला नोकरी सोडावी लागली असती. त्यात दुसरा पर्याय नव्हता. त्या घरात पगार एकच येतो.

आणि पायलटमध्ये दीदी पहारेकरी निघाली.

निघणारच होती. अलार्म वाजला तेव्हा तुम्ही काय करता? दीदी आधीपासून जागी असते, पहिली बस पकडायची असते ना. यान थांबलं तर? बाकीचे झोपले असतील तर? प्रत्येक प्रश्नाला तिने तिच्या आयुष्यातलं खरं उत्तर दिलं होतं. स्क्रीनवर यंत्रमानवाचं चित्र आलं, खाली मीच लिहिलेलं वाक्य: 'तुमच्यामुळे बाकीचे निवांत झोपतात.' ते वाक्य लिहिताना मला फार छान वाटलं होतं.

वेटेजची फाइल माझ्याकडे उघडी होती. दोन आकडे बदलले असते तर दीदी डॉक्टर झाली असती. मी त्या आकड्यांकडे बराच वेळ बघत बसले. पण वालिया सरांसाठी आकडे हलवायचे नाहीत असं मी तोंडावर सांगून आले होते. मग दीदीसाठी गुपचूप कसे हलवायचे? तत्त्व नावाची वस्तू फार गैरसोयीची असते. ती बाबांकडून मला मिळाली, भावाला घराचा वरचा मजला मिळाला.

दुपारी बाबांना फोन केला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग पत्रक काढलंस का?" मी म्हटलं बाबा, इथे कुणी पत्रक वाचत नाही. ते म्हणाले आमच्याकडे तरी कोण वाचायचं? पण हातात पडायचं ना.

मी पत्रक लिहायला घेतलं. खरंच. चार परिच्छेद झाले, पहिल्याच ओळीत 'निषेध' आला, तिसऱ्या परिच्छेदात 'यंत्रमानव' हा शब्द दोन अर्थांनी वापरून मी स्वतःवर खूश झाले. तेवढ्यात जस्सी दीदी चहाचे दोन कप घेऊन आली. तिने एक माझ्यासमोर ठेवला आणि सरळ विचारलं, "शरू, इस क्विझ का करना क्या है इन्होंने?"

विचारलं तर खोटं बोलणार नाही, असं मी सांगूनच ठेवलं होतं. मी सांगितलं. पहारेकरी, मुल्लानपूर, रात्रपाळी, कायमची.

दीदीने चहाचा घोट घेतला. "और मैं पहरेदार निकली हूँ."

"हो."

"किन्ने बंदे चाहिदे ने ओन्हां नूं?"

किती माणसं हवीत ते मला माहीत नव्हतं. थोडी हवी होती, एवढं नक्की. सगळा मजला तर कुणी नेणार नव्हतं.

तिच्या चेहऱ्यावर ते हसू आलं जे ती एखाद्याच्या फोनमधली चूक पकडल्यावर हसते. "चाबी तो डालनी ही है ना मुझे," ती म्हणाली. "हर बार डालती हूँ."

आणि तिने टाकली. सोमवारी सकाळी ऋतू मॅडमचा मेल आला, त्याच्या मागोमाग ग्रुपवर दीदीचा मेसेज. पायलटमधली तिचीच उत्तरं, नुसती अक्षरं, प्रश्न क्रमांक आणि पर्याय. शेवटी हात जोडलेले. माझ्या पत्रकाला चार परिच्छेद लागले होते, तिला अर्धी ओळ पुरली.

तरी मला धाकधूक होती. मॅडमनी मेलमध्ये ठळक अक्षरांत लिहिलं होतं की या क्विझमध्ये बरोबर-चूक असं काही नाही, मनापासून उत्तरं द्या. शिवाय मालिका सगळ्यांची लाडकी. या एका वेळी लोकांनी प्रश्न वाचले असते, हौसेने कॅप्टन नि डॉक्टर झाले असते, तर निळ्या रंगात दीदी आणि तिच्यासारखी चार जागी माणसं उरली असती. चावी टाकून तिने स्वतःचंच नाव पुढे केल्यासारखं झालं असतं.

मी खुर्चीवरून उठून मजल्यावर एक चक्कर मारली. समोरच्या रांगेतला एक जण मोबाइल बघत बघत क्लिक करत होता. त्याच्या शेजारचा त्याच्या स्क्रीनकडे बघून क्लिक करत होता. मागून एक आवाज आला, "यार, इसमें पासिंग कितना है?" दुसऱ्याने उत्तर दिलं, "बरोबर-चूक काही नाही म्हणतायत." तो हिंजवडीहून बदली होऊन आलेला आमचा साताऱ्याचा गडी. पहिला म्हणाला, "फिर तो पक्का कोई चक्कर है. चाबी से ही कर."

त्या क्षणी माझा लोकांवरचा विश्वास परत बसला. याला एकजूट म्हणायचं की आळस, ते बाबांना विचारायला हवं.

जेवणाच्या सुट्टीआधी सगळा मजला पूर्ण झाला. वालिया सर त्यांच्या मँडेटरी क्विझ स्वतः कधीच सोडवत नाहीत. त्यांचं लॉगिन केबिनबाहेर बसणाऱ्या कोऑर्डिनेटरकडे असतं, आणि कोऑर्डिनेटर ग्रुपमध्ये असतो. ऋतू मॅडमनी मात्र स्वतः सोडवली. चावी त्यांना कुणी दिली ते मी विचारलं नाही.

तर असा तो निळा चार्ट. मीटिंग व्यंकट सरांना 'सायंटिफिक मेथड' दाखवण्यासाठी वालिया सरांनीच ठेवली होती, निकाल न बघता. निकाल काढून स्लाइड लावण्याचं काम माझं. मी लावली.

"सगळे एकसारखे?" व्यंकट सरांनी विचारलं.

वालिया सर म्हणाले की टीम खूप अलाइन्ड आहे.

"आणि निकष काय होता? नाइट शिफ्टला कोण जाणार?"

"पहारेकरी, सर."

"म्हणजे सगळे." व्यंकट सर खाली यादी बघत होते. "वालिया, तुमचं पण नाव आहे इथे."

बाटलीचं झाकण खाली पडलं आणि टेबलाखाली गेलं. वालिया सर ते शोधायला वाकले आणि अंमळ जास्तच वेळ वाकून राहिले.

व्यंकट सरांनी मला विचारलं की क्विझ तू बनवलीस का. मी हो म्हटलं. मग बाबांच्या नियमाने सांगायला लागले. काय झालं: गमतीची क्विझ होती, तिच्यावर माणसांच्या रात्री ठरवायचं ठरलं आणि ते माणसांपासून लपवलं. कुणी केलं: ते सगळे या खोलीत आहेत, मी धरून, कारण वेटेज माझं. लोकांनी एकमेकांची उत्तरं उतरवली हेही सांगितलं, नेहमीसारखी.

"आता काय करायचं?" त्यांनी विचारलं. तिसरा मुद्दा त्यांनी आपणहून मागितला, हे मला फार आवडलं.

"विचारायचं, सर."

"कुणाला?"

"लोकांना. रात्रपाळीला कोण येतं, असं."

बंगळुरूला कुठेतरी कुकरची शिट्टी झाली, सर घरून काम करत होते. मग ते म्हणाले, "ट्राय इट."

दुसऱ्या दिवशी साधा मेल गेला. काम काय, जागा कुठली, भत्ता किती, हद्दीतल्यांना कॅब दारापर्यंत येईल. खाली एक ओळ: यायचं असेल तर कळवा. मला वाटलं होतं कुणी हात वर करणार नाही आणि माझीच फजिती होईल. पण मुल्लानपूरच्या नव्या टॉवरमध्ये घर घेऊन रोज मोहालीला हेलपाटे मारणारे दोघे निघाले. एक जण दिवसा सरकारी परीक्षेचा अभ्यास करत होता, त्याला रात्रच हवी होती. एकीने लिहिलं की घरात सासरची सगळी मंडळी मुक्कामाला आली आहेत, तातडीने विचार व्हावा. नवीन भरती येईपर्यंत ज्या थोड्या जागा उरल्या त्या कॅबच्या हद्दीतल्या लोकांनी पाळीपाळीने भरायचं ठरलं. पाळीत मॅनेजरही धरायचे, असं व्यंकट सरांनी लिहिलं आणि निळ्या चार्टचा हवाला दिला.

जस्सी दीदी पिंजौरच्या बसने येते आणि पिंजौरच्या बसने जाते. कॅबच्या हद्दीचा प्रश्न तिने पुढच्याच टाउनहॉलमध्ये, म्हणजे सगळ्या मजल्याच्या सभेत, माइक हातात घेऊन विचारला. उत्तर अजून आलेलं नाही, पण प्रश्न आता मिनिट्समध्ये, म्हणजे सभेच्या लेखी नोंदीत आहे.

वालिया सरांची पाळी पहिल्याच महिन्यात लागली. ती संपवून आले तेव्हा डोळ्यांखाली काळं होतं आणि त्यांनी पहिलं काम केलं ते मुल्लानपूरला चहाचं मशीन बसवायचं. पहारेकऱ्याला चहा लागतो, हे मालिकेत कुठेच दाखवलेलं नाही.

ऋतू मॅडमना या प्रकरणाचा धडा मिळाला तो वेगळाच. लोक उत्तरं उतरवतात, म्हणजे लोकांना प्रामाणिकपणाचं ट्रेनिंग हवं. त्यांनी माझ्याकडून एक नवा धडा बनवून घेतला, 'माझी उत्तरं माझी'. शेवटी क्विझ, मँडेटरी. मी जीव ओतून डिस्ट्रॅक्टर लिहिले.

मेल यायच्या आधी चावी आली होती. सगळ्या मजल्याला पैकीच्या पैकी.

मी आता एवढंच शिकले आहे. ज्या प्रश्नाचं खरं उत्तर हवं असेल, त्याला चार पर्याय देत बसू नये. तो सरळ विचारावा आणि कशासाठी विचारतोय ते आधी सांगावं. बाकी सगळ्या प्रश्नांची उत्तरं जस्सी दीदीकडे आहेत.